वर्गात मेक्सिकोचा एक दिवस : झेंडू, मका आणि कागदी पताका

मेक्सिकोचा दिवस साजरा करायचा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आधी येते ती मोठ्या काठाची टोपी आणि झुपकेदार मिशा. पहिल्या वर्षी मीही चौथीच्या मुलांकडून कार्डपेपरच्या टोप्या आणि काळ्या क्रेपच्या मिशा करून घेतल्या. मुलं खूश होती. मधल्या सुट्टीत एकाने विचारलं, "बाई, तिकडची मुलं शाळेत अशीच येतात का हो?" मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसाच्या तयारीत तिकडच्या मुलांचा विचारच झाला नव्हता. पुढच्या वर्षी सगळं नव्याने आखलं, आणि तेव्हापासून एक गोष्ट धरून ठेवली आहे : मेक्सिकोचं जे आपल्या मुलांच्या घरात आधीपासून आहे, तिथून सुरुवात करायची. झेंडू, मिरची, मका, टोमॅटो, चिकू. या सगळ्यांचं माहेर मेक्सिको आणि त्याच्या आसपासचा प्रदेश. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे कळलं की तो देश त्याच्यासाठी परका राहत नाही.

खालची आखणी तिसरी ते पाचवीच्या, चाळीसेक मुलांच्या वर्गासाठी आहे. वर्ग लहान असेल तर काम आणखी सोपं होईल.

चार आठवडे आधी : दिवस निवडा, एकच

नवख्या शिक्षकाची पहिली चूक इथेच होते. टोपी, नाच, पिन्याता (खाऊ भरून टांगलेली, काठीने फोडायची हंडी), कवट्या, निवडुंग असं सगळं एका दुपारी कोंबलं की मुलांच्या हाती काहीच लागत नाही. मेक्सिकोच्या वर्षातला एकच सण घ्या आणि त्याच्याशीच राहा.

१६ सप्टेंबर हा त्यांचा स्वातंत्र्यदिन. १८१० साली दोलोरेस गावात मिगेल इदाल्गो या धर्मगुरूने चर्चची घंटा वाजवून लोकांना उठावाची हाक दिली. आजही १५ सप्टेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या सज्जातून घंटा वाजवून ती हाक पुन्हा देतात. ५ मेचा दिवस पुष्कळ लोक चुकून स्वातंत्र्यदिन समजतात. १८६२ मध्ये पुएब्ला शहराजवळ मेक्सिकोच्या सैन्याने फ्रेंचांना हरवलं, त्या लढाईचा तो दिवस. त्याची मोठी धूम अमेरिकेत असते, मेक्सिकोत मुख्यतः पुएब्लात. तशीही तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी. १६ ते २४ डिसेंबरच्या नऊ रात्री 'पोसादास' असतात. मेरी आणि जोसेफ आसरा शोधत दारोदार फिरले, त्याची आठवण म्हणून लोक गाणी म्हणत घरोघरी जातात, आणि शेवटी पिन्याता फोडतात.

मी मात्र १ आणि २ नोव्हेंबरचा 'दिया दे मुएर्तोस' निवडते. गेलेल्या माणसांचा दिवस. १ तारीख लहानपणी गेलेल्या मुलांची, २ तारीख मोठ्यांची. युनेस्कोने २००८ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत हा सण घेतला. त्या तारखांना आपल्याकडे बहुधा दिवाळीची सुट्टी असते, म्हणून शाळा उघडल्यावरच्या दुसऱ्या आठवड्यात हा दिवस ठेवा. त्या दिवसांत झेंडू उतरलेल्या भावाने मिळतो आणि आजी-आजोबांना भेटून आलेल्या मुलांकडे सांगायला बरंच असतं.

तीन आठवडे आधी : पालकांना पत्र

मृत्यूचा सण मुलांसोबत कसा करायचा, ही भीती साहजिक आहे. त्यासाठीच हे पत्र पाठवायचं. ते साध्या भाषेत असू द्या : या सणात मेक्सिकोतली माणसं आपल्या गेलेल्या माणसांची आठवण आनंदाने काढतात, घरात त्यांच्यासाठी 'ओफ्रेंदा' म्हणजे एक मांडणी करतात, तिच्यावर त्यांच्या आवडीचं खाणं ठेवतात. वर्गात आम्ही ही मांडणी पाहण्या-समजण्यासाठी करतो आहोत, पूजा म्हणून नाही.

पत्रात दोन गोष्टी विचाराच. पहिली, मुलाला कशाची ॲलर्जी आहे का, विशेषतः शेंगदाण्याची. दुसरी, घरात अलीकडे कुणी गेलं आहे का. ज्या घरातून 'हो' येईल तिथे फोन करा, पत्रावर भागवू नका. एका मुलीचे वडील जाऊन तीनच महिने झाले होते. तिच्या आईशी बोलून ठरलं की ती त्या दिवशी पताकांच्या गटात राहील, मांडणीच्या गटात नाही. त्या दिवशी तीच स्वतःहून वडिलांच्या स्कूटरचं चित्र घेऊन आली. ते तिने ठेवलं, आणि आम्ही कुणी तिला काही विचारलं नाही.

मुलांनी माणसाचीच आठवण आणली पाहिजे असं नाही. मेलेला कुत्रा, तोडलेलं चिंचेचं झाड, बुजवलेली विहीर, सगळं चालतं. फोटो आणायचा असेल तर झेरॉक्स आणायला सांगा, मूळ फोटो नको.

पितृपक्षाशी तुलना मुलं करतीलच. करू द्या, पण 'म्हणजे ते आपल्यासारखंच' असं म्हणून विषय मिटवू नका. गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ करणं दोन्हीकडे आहे. पण मेक्सिकोत या रात्री कित्येक गावांत लोक कबरस्तानात फुलं, मेणबत्त्या, जेवण, गाणी घेऊन जातात आणि रात्रभर गप्पा मारत बसतात. साखरेच्या कवट्यांवर जिवंत मित्रांची नावं घालून त्या त्यांना भेट देतात. हा सण तिथल्या मूळ लोकांच्या रीती आणि स्पॅनिशांनी आणलेला कॅथलिक धर्म यांच्या मिलाफातून घडला. वसईतली आणि गोव्यातली ख्रिस्ती कुटुंबंही २ नोव्हेंबरला आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. वर्गात असं एखादं मूल असेल तर त्याला बोलू द्या. तुमच्या-माझ्यापेक्षा ते चांगलं सांगेल.

दोन आठवडे आधी : पृथ्वीचा गोल, दोरा आणि घड्याळ

एका तासात आटोपणारी गोष्ट आहे, पण वगळू नका. पृथ्वीच्या गोलावर मुंबईपाशी दोऱ्याचं एक टोक धरा आणि विषुववृत्ताला समांतर दोरा फिरवत न्या. तो मेक्सिको सिटीवरून जातो. दोन्ही शहरं साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. मग घड्याळ. आपल्या वर्गात सकाळचे साडेअकरा वाजतात तेव्हा मेक्सिको सिटीत मध्यरात्रीचे बारा वाजलेले असतात. "आत्ता ती मुलं काय करत असतील?" या प्रश्नाला अख्खा वर्ग "झोपली असतील!" म्हणून ओरडतो. पहिल्या वर्षी मला न सुचलेला विचार मुलांनी केला, तो असा. देश महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठा आहे आणि स्पॅनिशबरोबर तिथे मूळ लोकांच्या ६८ भाषांना राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता आहे, हेही याच तासात सांगून टाका.

तीन-चार शब्द शिकवा. 'ओला' म्हणजे नमस्कार, 'ग्रासियास' म्हणजे आभार, 'पोर फावोर' म्हणजे कृपया. तिथले लोक आपल्या देशाला 'मेहिको' म्हणतात. आठवडाभर हजेरीला 'हजर बाई'च्या जागी 'ओला' चालवा.

आणि याच आठवड्यात खानखोज्यांची गोष्ट सांगा. पांडुरंग सदाशिव खानखोजे मूळचे वर्ध्याचे. इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीतले क्रांतिकारक. मायदेशी परतणं शक्य नव्हतं, तेव्हा ते मेक्सिकोत गेले आणि चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरच्या चित्रात त्यांना रंगवलं आहे. भारत स्वतंत्र झाल्यावर ते परत आले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. चापिंगोच्या विद्यापीठात २०२२ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. मुलांच्या ओफ्रेंदावर पहिली तसबीर मी त्यांची ठेवते, शेजारी मक्याचं एक कणीस.

आठवडाभर आधी : पताका

मेक्सिकोतल्या नक्षीदार कागदी पताकांना 'पापेल पिकादो' म्हणतात. पुएब्ला राज्यातलं सान साल्वादोर उइश्कोलोत्ला हे गाव त्यासाठी नावाजलेलं. तिथले कारागीर पातळ कागदांची चळत रचतात, वर नमुना ठेवतात आणि लहान-मोठ्या छिन्न्या हातोडीने ठोकून एकाच वेळी पन्नासेक कागद कोरतात. आपल्या मुलांच्या हाती छिन्नी द्यायची नाही, आपण घडीची पद्धत वापरू.

पतंगाचा कागद आणा. घोटीव कागद जाड पडतो, त्याच्या चार घड्या झाल्या की लहान मुलाची कात्री चालत नाही. एका पताकेला साधारण ३० बाय २० सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. लांबीच्या एका कडेला दोन सेंटिमीटरची पट्टी पेन्सिलने आखून घ्या. ती दोऱ्यासाठी, तिथे कात्री लावायची नाही. उरलेला कागद उभा मधोमध दुमडायचा, मग पुन्हा एकदा. बंद घडीच्या कडेला त्रिकोण, अर्धवर्तुळं, पानं कापायची, खालच्या कडेला कंगोरे. उघडण्याआधी मुलांना थांबवा आणि विचारा, काय दिसेल? मग उघडू द्या. हा क्षण दरवर्षी तोच आणि दरवर्षी नवा. एखादीचा कागद फाटतो, कारण तिने घडीची कड पूर्ण कापून टाकलेली असते. तिला दुसरा कागद द्या. चाळीस मुलांना साठ तुकडे ठेवलेले बरे.

सुतळीपेक्षा बारीक दोरा घ्या. पट्टी दोऱ्यावरून मागे वळवून खळीने चिकटवायची. कणकेची पातळ खळ पुरते. पतंगाचा कागद डिंकाने भिजतो आणि गोळा होतो. पताका वर्गात आडव्या बांधा, पंख्यापासून लांब. वाऱ्याने त्या हलल्या की गेलेली माणसं आली, असं तिथे पुष्कळ जण मानतात. हे मुलांना सांगितलं तर ती पंखा बंद करून खिडकी उघडायला लावतात. उघडा.

तीन दिवस आधी : खाऊची जुळवाजुळव

मेक्सिकोच्या खाण्याचा जीव मक्यात आहे. पण आपल्या बाजारातलं मक्याचं पीठ आणून टॉर्टिया, म्हणजे तिथली मक्याची पोळी, करायला गेलात तर ती तुटेल. कारण चुना. तिथे वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन सालं काढतात आणि ओलाच दळतात. त्याने पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व शरीराला मिळायला लागतं. जिथे मका गेला पण ही रीत गेली नाही, तिथल्या फक्त मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. चुन्यात असा शिजवलेल्या मक्याला 'निश्तामाल' म्हणतात.

हे वर्गात करायचं नाही, घरी करून दाखवायला आणायचं. पाव किलो वाळलेल्या मक्याला पाऊण लिटर पाणी आणि अर्धा चहाचा चमचा खायचा चुना. पाऊणएक तास मंद उकळा, झाकून रात्रभर ठेवा, सकाळी तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं नको. चुन्याला मुलांचा हात लागू द्यायचा नाही, धुतलेला मका मात्र खुशाल हातात द्या. बोटांत चोळला की साल सुटून येतं आणि दाणा भुईमुगासारखा गुळगुळीत लागतो. शाळेच्या आसपास कुणाकडे पाटा-वरवंटा असेल तर तो आणाच. तिकडे त्याला 'मेताते' म्हणतात. त्याच्यावर वाटलेल्या ओल्या मक्याचा वास येतो, आणि ज्वारीची भाकरी थापणारी आई ज्यांनी पाहिली आहे, त्या मुलांना टॉर्टिया समजावून सांगावी लागत नाही.

खायला द्यायचं ते साधं ठेवा. उकडलेल्या मक्याच्या दाण्यांवर लिंबू, मीठ, चिमूटभर तिखट. मेक्सिकोच्या रस्त्यांवर पेल्यात मिळणाऱ्या दाण्यांना 'एस्कीतेस' म्हणतात, त्यात मायोनेज आणि चीजही असतं, ते आपण गाळू. टोमॅटो, कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची बारीक चिरून लिंबू पिळलं की 'पिको दे गायो'. पेय म्हणून 'आग्वा दे हामायका', लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. विदर्भात ते घरोघरी ओळखीचं आहे. वाळवलेली बोंडं उकळून, गाळून, साखर घालून गार करायचं. या सणाचा खास गोल पाव म्हणजे 'पान दे मुएर्तो', त्यावर कणकेच्याच हाडांसारख्या पट्ट्या असतात आणि वरून साखर. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या काकांना मी चित्र दाखवलं, त्यांनी नेहमीच्या गोड बनवर पट्ट्या लावून दिल्या. दोन दिवस आधी सांगावं लागतं, एवढंच.

आदल्या दिवशी : झेंडू आणि मांडणी

झेंडूचं तिथलं नाव 'सेम्पासुचिल'. ते आलं नावात्ल या तिथल्या मूळ लोकांच्या भाषेतल्या 'वीस' आणि 'फूल' या दोन शब्दांवरून, म्हणजे भरपूर पाकळ्यांचं फूल. चाळीस मुलांना चाळीस फुलं द्या आणि पाकळ्या मोजायला लावा. कुणाच्याच विसावर थांबत नाहीत. तोंडी हिशेब, फुलाची रचना आणि भाषा, तिन्ही एका तासात होतात. ज्या फुलाशिवाय आपला दसरा होत नाही ते समुद्रापलीकडून आलेलं आहे, हे ऐकून मुलं आधी विश्वास ठेवत नाहीत.

मांडणीसाठी तीन पायऱ्या करा. खाली पूर्ण बाक, मध्ये त्यावर पेटी, वर लहान स्टूल. घरोघरी दोन, तीन किंवा सात पायऱ्या असतात, आपल्याला तीन पुरे. वर पांढरी चादर. झेंडूची कमान बांबूच्या कामट्यांवर बांधा. दारापासून मांडणीपर्यंत पाकळ्यांची वाट करा, कारण फुलाच्या रंगाने आणि वासाने येणाऱ्याला रस्ता सापडतो असं मानतात. पेलाभर पाणी ठेवा, लांबून आलेल्याला तहान लागलेली असते. वाटीत मीठ, पाव, मका, फळं. तिथे कोपाल नावाची राळ जाळतात. आपण उदाची एखादी काडी वर्गाबाहेर लावायची, दम्याचं एखादं मूल असेल तर तीही नको. मेणबत्त्या बॅटरीच्या. चादर, कागद आणि चाळीस मुलं एकत्र असताना ज्योत नको.

आठवणींची चित्रं मुलांनी स्वतःच्या हाताने ठेवायची. आजवर आमच्या पायऱ्यांवर आजोबांचा रेडिओ आला, पणजीचा अडकित्ता आला, 'मोती' लिहिलेला गळ्यातला पट्टा आला. ठेवताना ज्याला बोलायचं आहे त्याने एक वाक्य बोलायचं. ज्याला नाही त्याने ठेवून परत यायचं.

त्या दिवशी

दहा-दहा मुलांचे चार गट करा, प्रत्येक ठिकाणी पंचवीस मिनिटं. घंटा वाजली की गट पुढे सरकतो. चार ठिकाणी चार मोठी माणसं लागतात, दोन पालकांना आधीच सांगून ठेवा.

पहिलं ठिकाण मांडणी. दुसरं मका, पाटा आणि खाऊ. इथे एक खेळ घ्या, मला स्वतःला तो फार आवडतो. ताटात मिरची, टोमॅटो, कणीस, शेंगदाणे, चिकू, कांदा, लिंबू, कोथिंबीर, दालचिनी, आंबा ठेवा. कुठल्या वस्तू अमेरिका खंडातून इकडे आल्या आणि कुठल्या इकडून तिकडे गेल्या, ते मुलांनी दोन टोपल्यांत लावायचं. पहिल्या पाच तिकडच्या, बाकीच्या इकडच्या. 'चिली' आणि 'टोमॅटो' हे शब्दही नावात्ल भाषेतलेच. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं अकापुल्को आणि मनिला यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती. मेक्सिकोत आजही आंब्याच्या एका जातीला 'मनिला' म्हणतात. डहाणू-घोलवडच्या मुलांसमोर चिकू मेक्सिकोचा म्हणून पाहा, दंगा होईल.

तिसरं 'लोतेरिया'. आपल्या हाऊजीसारखा खेळ, पण आकड्यांच्या जागी चित्रं. एकूण ५४ पत्ते, प्रत्येकाच्या तक्त्यावर चार बाय चार अशी सोळा चित्रं. पत्ते पुकारणारा नुसतं नाव घेत नाही, कोडं किंवा यमक घालून पुकारतो, आणि खेळणारे दाण्यांनी घरं झाकतात. मुलांनी आठवडाभर आधी स्वतः चित्रं काढून पत्ते केलेले असावेत : कोंबडा, सूर्य, चंद्र, निवडुंग, झेंडू. पुकारायला मराठी कोडी घालू द्या. वीस पत्ते झाले तरी खेळ रंगतो, मग तक्ता तीन बाय तीनचा करा.

चौथं ठिकाण अंगणात, खेळांचं. गोट्या आणि भोवरा मेक्सिकोतली मुलंही खेळतात, तिथे 'कानिकास' आणि 'त्रोम्पो' म्हणतात. ज्या मुलांना वर्गात फारसं बोलता येत नाही ती इथे राजे असतात.

चेहरे कवटीसारखे रंगवायचा आग्रह पालक धरतात. मी नाही म्हणते. रंगाने पुरळ उठतं, लहानगी घाबरतात आणि सगळा दिवस रंगवण्यात जातो. कागदी ताटलीवर कवटी रंगवून तिच्या कपाळावर मित्राचं नाव घालून त्याला देऊ द्या. ती खरी तिथली रीत. पिन्यातासाठी हट्ट झालाच तर तो डिसेंबरसाठी राखून ठेवा. पूर्वी तिच्यात मातीचं मडकं असे, दहीहंडीसारखं, आणि आत शेंगदाणे, उसाचे तुकडे, संत्री. त्याला स्वतंत्र दुपार द्यायला हवी.

आवराआवर

मांडणी दोन दिवस राहू द्या. तिसऱ्या दिवशी चित्रं ज्याची त्याला परत द्या, हातात, दप्तरात कोंबून नको. पताका मुलांनी घरी न्याव्यात. पाकळ्यांचं खत होईल, पण कमानीवरची पूर्ण फुललेली, बिनकुजलेली फुलं वेगळी काढा आणि वर्तमानपत्रावर सावलीत वाळवा. पंधरा दिवसांनी देठाकडून सोलली की काळ्या-पांढऱ्या, काडीसारख्या बिया निघतात. एका मुलाला एक कागदाची पुडी, वर त्याचं नाव आणि ज्याची आठवण ठेवली त्याचं नाव. पहिला पाऊस झाला की शाळेच्या कुंपणापाशी पेरायच्या. दसऱ्यापर्यंत फुलं येतात, पुढच्या वर्षीच्या कमानीला विकत घ्यावी लागत नाहीत.